सौंसरच्या रानाची दीडशे वर्षे

सावनेर मागे टाकून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात राज्याची सीमा ओलांडली जाते, पण कानावर पडणारी भाषा तीच राहते. कपाशी तीच, संत्र्याच्या बागा त्याच, काळी जमीनही तीच. सौंसरच्या अलीकडे बोरगाव लागते. इथे मध्य प्रदेश शासनाचे मोठे औद्योगिक क्षेत्र आहे. 1990 च्या दशकाच्या आरंभी रेमंडची कापड गिरणी इथे उभी राहिली आणि नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे एक शेतकरी गाव उद्योगांच्या नकाशावर आले. आता हा सगळा भाग 2023 साली झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो.

बोरगावहून उत्तरेला पाहिले की सातपुड्याची कड दिसते. त्या कडेवर आणि तिच्या पलीकडे गोंडांची वस्ती आहे, आणखी पुढे पातालकोटात भारिया राहतात. या पट्ट्यात रेल्वे आली, मँगनीजच्या खाणी आल्या, धरणे आली, राखीव जंगले आणि अभयारण्ये आली, कारखाने आले. प्रत्येक वेळी जमीन लागली, आणि प्रत्येक वेळी अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला: सातबारावर, म्हणजे इथल्या भाषेत खसऱ्यावर, नाव कोणाचे? ज्या जमिनीवर कोणा एकाचे नाव नव्हते ती सरकारची ठरली. तिच्यावर गुरे कोणाची चरत होती, मोह कोण वेचत होते, देव कोणाचा होता, हे विचारायची कागदाला गरज वाटली नाही. बोरगावच्या एकेका सर्व्हे नंबरचा इतिहास इथे सांगायचा नाही. ज्या वाटेने हा अख्खा मुलूख 'सरकारी पड' झाला, ती वाट सांगायची आहे. कारण प्रकल्प येण्याच्या कितीतरी आधी जमीन गेलेली होती.

इंग्रजी अमदानीच्या जुन्या नोंदींत छिंदवाडा जिल्ह्याचे तीन भाग दिसतात. घाटावरचा बालाघाट, घाटाखालचा झेरघाट आणि उत्तरेच्या डोंगरांतल्या जहागिरी. सौंसर-पांढुर्णा म्हणजे झेरघाट. कन्हान आणि जाम या नद्यांनी भिजवलेला, नागपूरच्या मैदानाला लागून असलेला सपाट मुलूख. या तिन्ही भागांवर एके काळी देवगडचे राज्य होते. मोहखेडजवळच्या डोंगरावर देवगडचा किल्ला आजही उभा आहे. तिथल्या जाटबा राजाचा उल्लेख अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त येतो. म्हणजे अकबराच्या काळात हे गोंड राज्य दिल्लीला दखल घ्यावी लागेल इतके मोठे होते.

त्या राज्यात जमिनीचा व्यवहार कसा चालत असे? राजाला धान्याचा वाटा, हत्ती, मनुष्यबळ मिळे. गावची सीमा गावाला ठाऊक असे आणि ती भूमका, म्हणजे गावदेवाचा पुजारी, सांभाळत असे. डोंगरउतारावर दहिया करायची म्हणजे झुडपे तोडून, जाळून, राखेत कोदो-कुटकी पेरायची. दोन-तीन पिके झाली की तो तुकडा सोडून द्यायचा आणि रान परत वाढू द्यायचे. नांगराखालची जमीन एकेका कुळाकडे असे, पण रान, कुरण, डोह, देवाची जागा, सरण जाळायची जागा ही कोणाची एकट्याची नसे. तिला मालक नव्हता, हक्कदार होते. हा फरक पुढच्या सगळ्या इतिहासात महत्त्वाचा आहे, कारण नंतरच्या प्रत्येक सरकारला मालक हवा होता.

आणखी एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा मुलूख कधीच फक्त गोंडांपुरता बंद नव्हता. औरंगजेबाच्या काळात देवगडच्या गादीवर आलेल्या बख्त बुलंद शाहने बाहेरच्या शेतकऱ्यांना आणि कारागिरांना आपल्या राज्यात बोलावले, गावे वसवली, शेती वाढवली. 1702 साली त्यानेच नागपूर वसवले. झेरघाटातल्या सपाट जमिनीवर आज कुणबी आणि इतर शेतकरी समाजांची दाट वस्ती आहे. देवगडच्या राजांनी शेतकऱ्याला शत्रू मानले नव्हते. नांगर चालेल तिथे नांगर, बाकीचे रान गावाचे, अशी ती विभागणी होती. तेव्हा या कथेत कुणब्याविरुद्ध गोंड असा सरळ सामना शोधणारा वाचक चुकेल. हा सामना वहिवाट आणि दप्तर यांच्यातला आहे.

पुढे देवगडचा राजा चांद सुलतान याच्या मृत्यूनंतर वारसांच्या भांडणात रघूजी भोसले मध्ये पडले आणि 1743 च्या सुमारास देवगडची खरी सत्ता त्यांच्या हाती गेली. गोंड राजा नागपुरात नावापुरता उरला. पण भोसल्यांनीही डोंगरातल्या जहागिरदारांना फार हात लावला नाही. हर्रई, बटकागड, सोनपूर इथले गोंड आणि कोरकू सरदार आपापल्या मुलखात जवळजवळ स्वतंत्र राहिले. 1818 मध्ये अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले तेव्हा ते महादेवाच्या डोंगराकडे धावले आणि याच सरदारांनी त्यांना आसरा दिला. त्यासाठी इंग्रजांना पलटणी पाठवाव्या लागल्या. डोंगर कोणाचा, हे तेव्हा बंदुकीशिवाय ठरत नव्हते.

पुढे ते लेखणीने ठरू लागले. तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये वारले, औरस पुत्र नव्हता, डलहौसीने 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि लवकरच रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर म्हणून आला. टेंपलच्या कारकिर्दीत जमीनबंदोबस्ताने वेग घेतला. गावोगाव मोजणी झाली, नकाशे निघाले आणि गावचा सारा गोळा करून देणाऱ्या पटेलाला, मालगुजाराला, गावाची मालकी देण्यात आली. भोसल्यांच्या काळात हा माणूस सारा वसूल करणारा ठेकेदार किंवा मुखिया होता. आता तो मालक झाला. शेताचा, तलावाचा, आंब्याच्या झाडांचा आणि गावातल्या रानाचाही. ज्या रानावर आजवर सगळ्यांचा हक्क होता त्या रानात लाकूड तोडायला आता त्याची परवानगी लागू लागली. बदल्यात वेठ आली. मालगुजाराच्या शेतावर वर्षाकाठी ठरावीक दिवस फुकट राबायचे, तेव्हा कुठे मोह आणि सरपण.

सगळे रान मात्र मालगुजारालाही दिले नाही. गावच्या लागवडीच्या प्रमाणात काही जंगल आणि पड त्याला तोडून दिली, आणि तिच्या पलीकडची सगळी 'जादा पड' म्हणून सरकारजमा केली. 'जादा' हा शब्द कोणाच्या हिशेबाने, हे विचारायला हवे. बारा-पंधरा वर्षांनी एकदा दहियाचा फेरा पूर्ण करणाऱ्या माणसाला तो डोंगर जादा वाटत नव्हता. तो त्याचा पुढच्या दहा वर्षांचा धान्यसाठा होता. 1865 आणि 1878 च्या वन कायद्यांनी ही सरकारजमा राने राखीव जंगले झाली. दहिया गुन्हा ठरली. गुरे चारायला परवाना, गवत कापायला परवाना, डोक्यावरच्या मोळीलाही पैसे.

तरीही इंग्रजी बंदोबस्ताने एक गोष्ट केली, जिचे मोल आज कळते. प्रत्येक गावाची 'वाजिब-उल-अर्ज' लिहिली गेली. गावचे रीतिरिवाज नोंदवणारा हा कागद आहे. गुरे कुठे चरतात, पाणी कुठे पितात, सरपण आणि बांधकामाचे लाकूड कुठून येते, खळी कुठे असतात, मेलेले जनावर कुठे टाकतात, प्रेत कुठे पुरतात, वाटा कुठून जातात, तलावातल्या माशांवर आणि गाळपेरावर कोणाचा हक्क, असे सगळे त्यात येते. लिहिणारा कारकून बाहेरचा आणि सांगणारा बहुतेक वेळा मालगुजारच, त्यामुळे तो कागद पूर्ण न्याय करत नाही. पण ज्या व्यवस्थेने सामूहिक हक्क पुसले त्याच व्यवस्थेच्या दप्तरात त्या हक्कांची साक्षही राहिली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पट्ट्यात नवे काहीतरी शोधत माणसे आली. मध्य प्रांतात मँगनीजची खोदाई सुरू झाली होती आणि जगभरच्या पोलाद कारखान्यांना ते हवे होते. भूगर्भशास्त्रज्ञ लुईस फर्मोरने भारतातल्या मँगनीजवर 1909 मध्ये जे मोठे ग्रंथरूप काम प्रसिद्ध केले त्यात सौंसर भागातल्या खाणींना मानाचे स्थान आहे. कच्छीढाणा, सीतापार ही नावे त्यात येतात. सीतापारच्या एका खनिजाला त्याने 'सीतापाराइट' असे नावही दिले होते. ते आधीच ज्ञात असलेले बिक्सबाइट निघाले आणि नाव मागे पडले. पण इथल्या खडकांचा 'सौंसर समूह' मात्र भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत कायमचा बसला. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेल्या त्या खडकांना जगभरचे अभ्यासक सौंसरच्या नावाने ओळखतात. बंगाल-नागपूर कंपनीची छोटी रेल्वे 1910 च्या दशकात नागपूरहून सौंसर, रामाकोना करत छिंदवाड्याला पोचली आणि वरच्या पेंच-कन्हान खोऱ्यातला कोळसा, खालचे मँगनीज आणि जंगलातले लाकूड बाहेर पडायला वाट मिळाली. जमिनीखालचे खनिज कायद्याने सरकारचे, जमिनीवरचा मालक मालगुजार. खाणीच्या परवान्यासाठी या दोघांशी बोलले की झाले. डोंगरावर गुरे चारणारा कोणत्याच करारात पक्षकार नव्हता. त्याच्या वाट्याला मजुरी आली.

या सगळ्याची वाफ 1930 मध्ये बाहेर पडली, आणि ती बोरगावपासून फार दूर नाही, रामाकोन्याला.

मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडापुढे अडचण होती. इथे समुद्र नाही. मग कोणता कायदा मोडायचा? उत्तर समोर होते. 10 जुलै 1930 रोजी पुसदला बापूजी अणे यांनी राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रहाची सुरुवात केली आणि ते लोण वऱ्हाडातून सातपुड्यापर्यंत गेले. शहरातल्या कार्यकर्त्याला गवताची पेंढी हे प्रतीक होते. गोंडाच्या आणि कोरकूच्या घरी ती खरोखरच बैलाच्या तोंडची होती. म्हणूनच नेत्यांनी अपेक्षिले त्याहून जास्त माणसे बाहेर पडली, आणि आंदोलन शिस्तीत ठेवणे काँग्रेसलाही अवघड गेले.

छिंदवाडा जिल्ह्यात हे पेटवणाऱ्यांत बादल भोई हे नाव पहिले. परासिया तालुक्यातल्या डुंगरिया तितरा गावचा हा आदिवासी नेता. 1923 मध्येच त्याच्या मागे हजारो आदिवासी छिंदवाड्याला कलेक्टरच्या बंगल्यावर गेले होते. लाठीमार झाला, त्याला अटक झाली. पुढे 21 ऑगस्ट 1930 रोजी विश्वनाथ साल्पेकर यांच्या नेतृत्वाखाली रामाकोन्याला जंगलाचा कायदा मोडताना तो पुन्हा पकडला गेला आणि चांद्याच्या तुरुंगात पाठवला गेला. 1940 मध्ये तुरुंगातच त्याचा मृत्यू झाला. इंग्रजांनी विष देऊन मारले, असे त्याच्या नावाच्या संग्रहालयाच्या माहितीत सांगितले जाते. छिंदवाड्याचे आदिवासी संग्रहालय 1997 पासून त्याच्या नावाने ओळखले जाते आणि 15 नोव्हेंबर 2024 रोजी तिथल्या नव्या स्वातंत्र्यसैनिक संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांनी केले.

साल्पेकर आणि बादल भोई ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते. एक मराठी आडनावाचा शहरी कार्यकर्ता, दुसरा खेड्यातला आदिवासी. दोघे एकाच रानात एकाच कायद्याविरुद्ध उभे राहिले. रामाकोन्याच्या शाळेतल्या मुलांना हा दिवस पाठ असायला हवा.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस, 9 ऑक्टोबर 1930 रोजी, शेजारच्या सिवनी जिल्ह्यात तुरिया गावी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मुड्डोबाई, रेनोबाई, देभोबाई या तीन स्त्रिया आणि बिरजू हा पुरुष असे चार जण पडले. गवत कापायला आणि कापणाऱ्यांना पाहायला जमलेली माणसे होती ती. आज तुरिया हे पेंच व्याघ्र प्रकल्पाचे सर्वांत गजबजलेले प्रवेशद्वार आहे. पर्यटकांच्या जिपा तिथूनच आत जातात.

पुढच्या दशकात सरकारलाच चौकशी करावी लागली. विल्फ्रेड ग्रिगसन या अधिकाऱ्याला 1940 मध्ये आदिवासींच्या परिस्थितीच्या चौकशीसाठी नेमले गेले आणि 1944 मध्ये त्याचा अहवाल नागपूरला छापला गेला. जमिनी सावकार-मालगुजारांच्या हाती कशा गेल्या, वेठ कशी चालते, जंगल खात्याचा जाच काय, हे त्यात सरकारी माणसाच्याच लेखणीतून येते. आदिवासींची जमीन इतरांच्या हाती जाऊ नये म्हणून 1916 मध्ये केलेला कायदा होता. पण तो खासगी शेताचे रक्षण करणारा. सामूहिक रानाचे रक्षण करणारे काहीच नव्हते.

मग स्वराज्य आले. 1950 मध्ये मध्य प्रदेश विधानसभेने, तेव्हा ती नागपुरात भरत होती, मालगुजारी रद्द करणारा कायदा केला आणि 31 मार्च 1951 पासून तो अमलात आला. वेठ संपली, गावचा धनी हटला. त्या दिवशी गावोगाव झालेला आनंद खरा होता. पण कायद्याच्या शब्दांत एक गोष्ट होती, जिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. मालगुजारांकडचे जंगल, कुरण, पड, तलाव, घाट, हे सगळे शासनात विलीन झाले. मालगुजाराने तीन-चार पिढ्यांपूर्वी गावाकडून घेतलेले गावाकडे परत आले नाही, ते राज्याकडे गेले. मधल्या काळात, हक्क जाणार हे दिसताच, अनेक मालगुजारांनी जंगलाचे ठेके विकून झाडे साफ करून घेतली, तो तोटा वेगळाच.

शासनाने गावाचा हक्क अगदी नाकारला असे नाही. विलीन झालेल्या जमिनीवरचे गावकऱ्यांचे निस्तार हक्क, म्हणजे सरपण-चराईसारख्या रोजच्या गरजांचे हक्क, नोंदवायचे ठरले आणि 1959 च्या भूमहसूल संहितेत त्यासाठी निस्तार पत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जची कलमे आली. महसूल खात्याच्या नोंदीत ही जमीन 'छोटे झाड का जंगल', 'बडे झाड का जंगल', 'चरनोई' अशा शीर्षकांखाली निस्तारासाठी लागली. पण त्याआधीच, 1958 च्या जुलैत, वनविभागाच्या एका सरसकट अधिसूचनेने विलीन झालेल्या अशा जमिनी संरक्षित वन घोषित झाल्या होत्या. वन कायद्यानुसार आधी लोकांच्या हक्कांची चौकशी व्हायला हवी होती. ती मागे राहिली. परिणाम असा झाला की एकच डोंगर पटवाऱ्याच्या दप्तरात गावाच्या निस्ताराचा आणि वनरक्षकाच्या नकाशावर वनाचा. यातल्या काही जमिनी नकाशावर नारिंगी रंगाने दाखवल्या गेल्या आणि 'ऑरेंज एरिया' हा वाद मध्य प्रदेश आणि छत्तीसगडात आजवर चालू आहे.

त्याच 1958 सालच्या सप्टेंबरात भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 107 क्रमांकाच्या करारावर मान्यतेची मोहोर उठवली. आदिवासी समाज परंपरेने वसत असलेल्या जमिनीवरची त्यांची मालकी, मग ती वैयक्तिक असो की सामूहिक, मान्य केली जाईल, असे त्या कराराचे 11 वे कलम सांगते. जुलैत सातपुड्यातली राने एका सहीने वनखात्याकडे आणि दोन महिन्यांनी जिनिव्हात सामूहिक मालकी मान्य. हा विरोधाभास त्या काळी कोणी विधानसभेत मांडला असता तर कदाचित चौकशी झाली असती.

मध्यंतरी 1956 मध्ये राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारे सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. राजधानी सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या नागपुरातून भोपाळला गेली. ज्या गावांचे जुने कागद नागपुरात आणि नवे हुकूम भोपाळहून, तिथल्या माणसाला आपला हक्क शोधणे किती कठीण होते हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको.

या वाटेने जमीन आधीच सरकारची झालेली असताना मोठे प्रकल्प आले. त्यांतला सर्वांत मोठा पेंचचा. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या सीमेवर तोतलाडोहला धरण आणि 160 मेगावॉटचे जलविद्युत केंद्र झाले. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात वीज सुरू झाली. दोन तृतीयांश वीज मध्य प्रदेशाला, एक तृतीयांश महाराष्ट्राला. नागपूर शहराच्या नळाला जे पाणी येते त्यातला मोठा भाग पेंचचाच. जलाशयाने नदीकाठची गावे आणि जंगल बुडाले, आणि त्याच सुमारास दोन्ही काठांवर राष्ट्रीय उद्याने झाली. महाराष्ट्राच्या बाजूला 1975 मध्ये, मध्य प्रदेशाच्या बाजूला 1983 मध्ये, आणि 1992 मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प.

नदीकाठच्या आदिवासींचे पूर्वापार मासे धरण्याचे डोह या पाण्याखाली गेले. शेत बुडाले तर भूसंपादन कायद्यात मोबदला होता. डोह बुडाला तर काय? डोहाचा पट्टा कोणाच्या नावावर नसतो. माणसे उद्यानाबाहेर हलवली गेली, आणि त्यांच्यापैकी अनेकांना जगण्यासाठी परत त्याच पाण्याकडे यावे लागले. आता ते घुसखोर ठरले. मध्य प्रदेशाच्या वनविभागाने पूर्वी आत राहणाऱ्या आदिवासींना जलाशयात मासेमारीचे 305 परवाने दिले तेव्हा वकिलांच्या एका पर्यावरणवादी संघटनेने त्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. 5 मार्च 1997 च्या निकालात न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी दोन्ही बाजू तोलल्या. वाघाचे जंगल राखले पाहिजे, पण तिथून हलवलेल्या माणसांच्या पोटाचा विचारही झाला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. परवाने रद्द झाले नाहीत. छायाचित्राचे ओळखपत्र हवे, ठरलेल्या वाटेनेच यायचे-जायचे, काठावर चूल पेटवायची नाही, अशा अटींवर ते टिकले.

या निकालाचे मला समाधान आहे आणि खंतही आहे. समाधान यासाठी की माणसांचे अस्तित्व मान्य झाले. खंत यासाठी की ज्यांच्या आजोबांनी त्या डोहात कोणाला न विचारता जाळे टाकले त्यांना आता सरकारी कार्डावर मोजक्या संख्येने आत सोडले जाऊ लागले. हक्काचे रूपांतर परवान्यात झाले, आणि परवाना देणारा तो काढूनही घेऊ शकतो. सातपुड्याच्या उत्तर अंगाला तवा जलाशयावर विस्थापित गोंड-कोरकूंनी 1996 पासून दहा वर्षे स्वतःच्या सहकारी संघामार्फत मासेमारी करून दाखवली. दहा वर्षांनी तोही अधिकार गेला. पेंचच्याच वरच्या अंगाला चौरईजवळ माचागोरा धरणाविरुद्ध शेतकरी वर्षानुवर्षे लढले. नोव्हेंबर 2012 मध्ये त्यांना भेटायला आलेल्या मेधा पाटकरांना छिंदवाड्यात ताब्यात घेतले गेले. धरण झाले.

आणि बोरगाव. उद्योगांना जमीन देताना शासनाला सर्वांत सोपी पडते ती शासनाचीच जमीन, म्हणजे 1951 मध्ये विलीन झालेली पड आणि चराई. निस्तारासाठी राखलेली जमीन दुसऱ्या कामाला वळवायचा अधिकार महसूल संहितेने कलेक्टरला दिला आहे. 2000 च्या सुमारास तर मध्य प्रदेशात चराईसाठी राखायच्या जमिनीचे किमान प्रमाणच दोन टक्क्यांपर्यंत खाली आणले गेले. त्यातून सुटलेल्या जमिनीचे पट्टे भूमिहीन दलित-आदिवासींना वाटले गेले, हे चांगलेच झाले. पण गावाची सामूहिक जमीन आटली, ती आटलीच. कारखान्याने बोरगाव परिसराला रोजगार दिला हे खरे आहे. तो रोजगार नको असे म्हणणारा माणूस या भागात सापडणार नाही. प्रश्न कारखाना हवा की नको हा नाही. गावाला विचारले का, हा आहे.

आज विचारण्याचे कायदे आहेत. 1996 चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी विचारविनिमय सक्तीचा करतो. मध्य प्रदेशाने त्याचे नियम तब्बल सव्वीस वर्षांनी, 15 नोव्हेंबर 2022 रोजी, लागू केले. पण अनुसूचित क्षेत्र कोणते? राष्ट्रपतींच्या 2003 च्या आदेशात छिंदवाड्यातले तामिया आणि जामई हे विकासखंड पूर्ण येतात, तर सौंसर-पांढुर्ण्यातले फक्त ठरावीक पटवारी हलके, म्हणजे एकेका पटवाऱ्याकडची गावे. म्हणजे एका हलक्यात ग्रामसभेला विचारावे लागते आणि ओढा ओलांडून शेजारच्या हलक्यात, तिथेही गोंडवस्ती असली तरी, पेसा लागू नाही.

2006 चा वनहक्क कायदा मात्र ही सीमा मानत नाही. जिथे वनजमीन तिथे तो लागू. त्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक हक्क सांगताना निस्तार स्पष्ट शब्दांत लिहिला आहे, आणि जमीनदारी-मालगुजारीच्या काळात वापरलेले हक्कही त्यात धरले आहेत. पुरावा म्हणून बंदोबस्ताचे कागद आणि निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज यांसारख्या हक्कनोंदी देता येतात. शिवाय ओडिशातल्या नियमगिरीच्या खटल्यात 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डोंगरावर खाण हवी की नको हे आधी ग्रामसभांना विचारायला लावले आणि बाराही ग्रामसभांनी नाही म्हटले. महाराष्ट्रात मेंढा-लेखा या गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. छिंदवाड्याच्याच पातालकोटात भारियांचे अधिवास हक्क मान्य झाले आहेत. हे सगळे सौंसरपासून फार दूरचे नाही.

म्हणून सौंसर आणि पांढुर्णा तालुक्यांतल्या, विशेषतः सातपुड्याच्या कडेच्या गावांतल्या वाचकांना सरळ विनंती आहे. नव्या प्रकल्पाची नोटीस येण्याची वाट पाहू नका. आपल्या गावची वाजिब-उल-अर्ज, निस्तार पत्रक आणि जुन्या बंदोबस्ताचा नकाशा यांच्या प्रमाणित नकला तहसील आणि जिल्हा अभिलेखागारातून आताच काढून घ्या. गावातले सगळ्यांत वृद्ध गुराखी आणि भूमका यांना बसवून कोणता डोंगर, कोणता डोह, कोणती वाट कशासाठी वापरली जात होती हे त्या नकाशावर लिहून घ्या. मग ग्रामसभा बोलावून सामूहिक वनहक्काचा दावा दाखल करा आणि पोच घ्या. जुने कागद उर्दूमिश्रित हिंदीत असतील, अक्षर लागणार नाही. सौंसरच्या शाळा-महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या शिक्षकांनी ते वाचून द्यायचे काम अंगावर घ्यावे.